कोबीच्या पाण्यावरचा तास

मेतोदी ग्रुएव्ह मास्तरांनी फळ्यावर विजेचा दिवा काढला, त्याला दोन तारा जोडल्या, आणि मागे वळणार तोच शेवटच्या बाकावरून कुणीतरी अगदी निरागस आवाजात विचारलं, "सर, हे नासपतीचं फळ आहे का?"

वर्ग हसला. म्हणजे हसला असावा. थंडी आत येऊ नये म्हणून खिडक्यांना घोंगड्या टांगलेल्या, मुलं कोट-टोप्यांत बुडालेली. हसणाऱ्याचे दात दिसत नसत, तोंडातून निघणाऱ्या वाफा तेवढ्या दिसत. त्या दुपारी एकतीसपैकी सतरा मुलं आली होती आणि सतराही ठिकाणांहून वाफा निघाल्या.

वीज दोन तास असायची आणि दोन तास नसायची. हा नियम अख्ख्या बल्गेरियाला होता, त्यामुळे त्याचा वैयक्तिक राग धरण्यात अर्थ नव्हता. मेतोदी मास्तर तरी धरत. स्विश्तोव्हच्या त्यांच्या भागातली वीज दुपारी दोनला जाई ती चारला येई, आणि सातवी ब चा भौतिकशास्त्राचा तास अडीचला. त्यात धडा कोणता, तर 'विद्युतप्रवाह'. संगीताच्या बाईंचं बरं होतं, त्यांना गळा पुरे. भूगोलवाल्यांचा नकाशा थंडीनं आखडला तरी देश आपापल्या जागी राहत, निदान त्या महिन्यापर्यंत राहत होते. भौतिकशास्त्राच्या मास्तरानं मात्र जे सगळ्यांच्या घरातून निघून गेलंय त्याचंच कौतुक सांगत उभं राहायचं. परागंदा जावयाची स्तुती करण्यासारखं ते काम होतं.

मास्तर बावन्न वर्षांचे, किडकिडीत, आणि स्वभावानं असे की खुर्चीला ते आपलं मानत नसत. शिकवताना फिरत, जेवताना उठत, आणि घरी स्वयंपाकघरात चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे असं चालत. त्यांची बायको राइना पोस्टात होती. ती म्हणे, "मी दिवसभर पत्रं इकडून तिकडे जाताना बघते. घरी आल्यावर तरी काहीतरी एका जागी राहू दे."

नाताळच्या सुट्टीआधी मुख्याध्यापिका दोब्रेवाबाईंनी त्यांना बोलावून घेतलं. बाईंच्या टेबलावर एक पत्र होतं आणि पत्रावर बाईंचे दोन्ही हात होते, जणू ते उडून जाईल.

"बसा, ग्रुएव्ह."

"उभाच बरा आहे मी, बाई."

"जिल्ह्याहून इन्स्पेक्टर येणार आहेत. आठ जानेवारीला, तुमच्या तासाला. सद्यपरिस्थितीत दुपारच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवण्यात काही अर्थ आहे का, हे ते बघणार."

"आणि अर्थ नसला तर?"

"एप्रिलपर्यंत विषय बंद. ते तास कार्यानुभवाला. मुलं पायपुसणी विणतील." बाईंनी पत्राकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहायचं टाळलं. "आणि तुमचे तास कमी भरतात म्हणून तुम्हाला पलीकडच्या खेड्यातल्या शाळेवर पाठवतील. बस सकाळी जाते. परत कधी येते ते डिझेलवर आहे."

मास्तर खिडकीपर्यंत जाऊन परत आले.

"पण तुम्ही काहीतरी नावीन्यपूर्ण करून दाखवलंत तर," बाई म्हणाल्या, "गोष्ट वेगळी. पत्रात तसा शब्द आहे. दोनदा आहे."

"नावीन्यपूर्ण म्हणजे काय?"

"ते त्यांनी कळवलेलं नाही."

पाठ्यपुस्तकात लिहिलं होतं की विजेचा घट घरच्या घरी करायचा तर एक लिंबू घ्यावं. हे लिहिणारा माणूस कुठल्या सुखी काळात बसून लिहीत होता कोण जाणे. त्या हिवाळ्यात दुकानात फळ्या होत्या, आणि फळीवर दुकानदारीणबाई कोपर टेकून उभी असे, एवढाच माल. लिंबू पाहायला मिळतं तर आधी त्याचा फोटो काढला असता. मास्तर लिंबाचा विचार करत स्वयंपाकघरात चालत होते आणि राइना तळघरातून कोबीची परात घेऊन वर आली. तिनं आंबट पाण्यानं ओले हात झटकले. एक थेंब मास्तरांच्या ओठावर उडाला.

मास्तर थांबले. राइना घाबरलीच, कारण ते सहसा थांबत नसत.

"आंबट आहे," ते म्हणाले.

"मग काय गोड असणार?"

"खारटही आहे. राइना, हे तर लिंबापेक्षा सरस आहे."

दुकानं रिकामी असली तरी प्रत्येक घराच्या तळघरात साठ किलो कोबीचं पिंप होतं. शरदात भरायचं, मीठ-पाणी घालायचं, रोज खालच्या तोटीतून पाणी काढून वरून ओतायचं आणि वसंतापर्यंत खायचं. सरकारं आली-गेली, पिंपाला कुणी हात लावला नव्हता. मास्तरांनी लावला. जुन्या बॅटरीच्या डबीतून जस्ताचा पत्रा सोलला, कॉफी करायचं तांब्याचं भांडं घेतलं, पत्रा आणि भांड्याचा दांडा एका ग्लासात बुडवला, आणि शाळेचा व्होल्टमीटर जोडला. काटा हलला. शून्य पूर्णांक नऊ व्होल्ट.

आणखी तीन ग्लासांत तांब्याच्या तारा टाकून, चारही ओळीनं जोडून त्यांनी टॉर्चचा बल्ब लावला. बल्बमधली तार अगदी पुसट लाल झाली, असं त्यांना दिसलं. राइनाला दिसलं नाही.

"ते तुझ्या चष्म्यात दिसलं," ती म्हणाली. "आणि माझं कॉफीचं भांडं हिरवं पडलं तर तुला उद्यापासून चहा."

राइनानं ही गोष्ट फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंना सांगितली. दुसऱ्या दिवशी मास्तर जिना उतरायला लागले तर प्रत्येक मजल्यावर एक तज्ज्ञ उभा होता. चौथ्या मजल्यावर कळलं की कोबीत मक्याचे दाणे टाकले असले तरच पाण्याला जोर येतो. तिसऱ्या मजल्याचं मत पडलं की पिंप प्लास्टिकचं असेल तर वीज निघणार नाही, ओकच्या लाकडाचंच हवं. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी आपल्या दिवंगत सासऱ्यांचा हवाला देऊन सांगितलं की पाण्याला वीज असती तर सासऱ्यांना कळली असती, ते रोज पीत. मास्तरांनी तेवीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं होतं, पण त्या जिन्यात ते सगळ्यात कमी शिकलेले ठरले. खाली इमारतीचे व्यवस्थापक स्तामातकाका बर्फ झाडत होते. पूर्वी ते बंदरावर क्रेन चालवत, त्यामुळे अजूनही माणसांशी वरून बोलत.

"मेतोदी, ऐकलं ते खरं का?"

"शाळेसाठी आहे, काका. मुलांना प्रयोग दाखवायचाय."

"मला ते कळत नाही. मला एवढं सांग, ते पाणी नंतर पिता येतं का?"

"अजिबात नाही. त्यात जस्त उतरतं, तांबं उतरतं. विष होतं त्याचं."

काकांनी झाडू थांबवला आणि मास्तरांकडे असं पाहिलं, जणू त्यांनी कुणाचा तरी वंश बुडवण्याचा बेत सांगितला.

शाळेत वेगळाच घोळ. दोब्रेवाबाई म्हणाल्या, प्रयोग उत्तम, पण वर्गात बाहेरचं रसायन आणायचं तर विहित नमुन्यात अर्ज हवा. नमुना मिळाला. त्यात रकाने होते: रसायनाचं नाव, उत्पादक, उत्पादनाची तारीख, धोक्याची पातळी. मास्तरांनी प्रामाणिकपणे लिहिलं: कोबीचं पाणी, राइना ग्रुएवा, तळघर क्रमांक नऊ, ऑक्टोबरअखेर, जास्त प्यायल्यास पोट बिघडते. नगरपालिकेतल्या बाईंनी अर्ज वाचून परत केला. हा खाद्यपदार्थ दिसतो, त्यामुळे आधी आरोग्य विभागाचा शिक्का हवा. आरोग्य विभाग म्हणाला, खाद्यपदार्थ कोण खाणार? मास्तर म्हणाले, कुणीच नाही. मग तो खाद्यपदार्थ नाही, तुम्ही शिक्षण विभागाकडे जा. तीन दिवस मास्तर दोन इमारतींच्या मध्ये येरझारा घालत होते, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या स्वभावाला ते काम मानवलं. अखेर शिक्षण विभागातल्या बाई कंटाळल्या आणि त्यांनी 'वाचले' असा शिक्का मारला. तो मंजुरीचा आहे की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण तो निळा होता आणि गोल होता.

तीन जानेवारीला शाळा उघडली. मास्तरांनी सातवी ब ला सांगितलं, "मंगळवारी प्रत्येकानं तीन गोष्टी आणायच्या. काचेच्या बरणीत कोबीचं पाणी. तांब्याचा तुकडा. आणि जस्त चढवलेल्या पत्र्याची पट्टी, पाच सेंटिमीटर रुंद, बारा लांब, कडा घासलेल्या."

वर्गात कुजबुज झाली. मग पहिल्यांदाच, नोव्हेंबरपासून पहिल्यांदाच, कुणीतरी हात वर केला.

"कॉम्रेड… सर," तो मुलगा म्हणाला. त्या वर्षी मुलांना नवा शब्द लागू झाला होता आणि जुना आधी बाहेर पडे. "आमच्या पिंपातलं पाणी लाल आहे. बीट घातलंय. चालेल?"

"चालेल."

"आमचं ह्याच्यापेक्षा आंबट आहे, सर," दुसरी म्हणाली.

"काहीतरीच. तुमचं तर अजून मुरलंसुद्धा नाही."

पिंपाच्या अब्रूवरून वर्गात तुंबळ वाद पेटला. मास्तर फळ्यापासून दारापर्यंत फिरत ऐकत होते. त्यांना वाटलं, जमलं. माणसाला असं वाटतं तेव्हा त्यानं जरा बसून विचार करायला हवा, पण बसणं त्यांच्या प्रकृतीत नव्हतं.

शनिवारी सकाळी खालून हाक आली.

"मेतोदी, जरा खाली ये. कोट घालून ये, वेळ लागेल."

इमारतीच्या कोपऱ्यावर स्तामातकाका उभे होते. गच्चीवरचं पाणी खाली आणणारी पन्हळ पहिल्या मजल्यापर्यंत नीट येत होती. तिथून पुढे हवा होती. पन्हळीचं तोंड उघडं पडलं होतं आणि त्यातून एक हिमाचा सुळका खाली लोंबत होता. सातवी ब ची चार मुलं ह्याच इमारतीत राहत. त्यांना काकांनी आधीच भिंतीला ओळीनं उभं केलं होतं. त्यांच्या हातात जस्ताच्या पट्ट्यांची चळत होती, वर्गातल्या एकतीसही जणांना पुरून उरेल एवढी.

मास्तरांनी एक पट्टी हातात घेतली. पाच बाय बारा. कडा घासलेल्या.

"काटकोनात कापल्यात मात्र," ते म्हणाले, आणि हे बोलायला नको होतं हे त्यांना बोलल्याबरोबर कळलं.

काका थेट पोलिस चौकीत गेले. तासाभरानं एक हवालदार वही घेऊन आला आणि त्यानं सगळ्या जिन्याच्या देखत मास्तरांची जबानी घेतली.

"आपण मुलांना जस्त आणायला सांगितलंत?"

"हो."

"कुठून आणायचं ते सांगितलंत?"

"घरून."

"पन्हळ घरालाच असते," हवालदार म्हणाला आणि त्यानं ते लिहून घेतलं.

मास्तरांनी सही केली. तेवीस वर्षांत त्यांनी हजार प्रगतिपुस्तकांवर सह्या केल्या होत्या, पण 'वरील मजकूर वाचून दाखवला व तो मान्य आहे' ह्याखाली त्यांची सही पहिल्यांदाच झाली. वर चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून कुणीतरी म्हणालं, "शिकलेली माणसं." एवढंच. पण ते ज्या सुरात म्हटलं गेलं त्यानं मास्तरांना दोन दिवस जेवण गेलं नाही. अखेर असं ठरलं की तास झाल्यावर सगळ्या पट्ट्या परत द्यायच्या, आणि मास्तरांनी स्वतः त्या जोडून पन्हळ पूर्ववत करायची.

"मी स्वतः येणार शाळेत," काका म्हणाले. "मोजून घेणार."

सात जानेवारी हा इव्हान आणि त्यापासून निघालेल्या सगळ्या नावांच्या लोकांचा नामदिन; ज्याचं नाव त्याच्या घरी मेजवानी. मास्तरांनी सगळ्या गोष्टींचा हिशेब केला होता, कॅलेंडरचा केला नव्हता. त्यांच्या इमारतीत तीन इव्हान होते, दोन इव्हान्का, एक व्हान्यो आणि एक योआन. वीज नसली तरी रकिया, म्हणजे घरी गाळलेली फळांची दारू, असतेच, ती प्यायला दिवा लागत नाही. सोमवारी दुपारपासून सगळी इमारत एकमेकांकडे जात-येत होती. आणि मंगळवारी सकाळी ह्या सगळ्या मंडळींना एकच गोष्ट हवी होती. आदल्या दिवशीच्या रकियावर बल्गेरियात एकच औषध आहे, ते कोबीच्या पिंपात असतं.

ते पिंपात नव्हतं. ते बरण्यांतून शाळेत जायला निघालं होतं. मुलांनी, मास्तरांवरच्या निष्ठेपोटी, बरणीला कमी पडू नये म्हणून आपली आणि शेजाऱ्यांची पिंपं तळापर्यंत काढली होती. रिकामे मग घेतलेली प्रौढ माणसं डोकं धरून एकमेकांची दारं वाजवत होती. मास्तर बूट हातात घेऊन मोज्यांनी जिना उतरले. प्रत्येक मजल्यावर दारामागून त्यांचं नाव ऐकू आलं, पण एकदाही त्याच्यापुढे 'श्रीयुत' नव्हतं.

"पोरं शिकतायत," तिसऱ्या मजल्यावरचा एक इव्हान कण्हत म्हणत होता, "आणि बाप मरतायत."

अडीचला वर्ग भरला. एकतीसपैकी एकतीस. मास्तरांनी दोनदा मोजले. मुलांनी आणलेलं सगळं पाणी ओतून मधल्या टेबलावर अकरा मोठ्या बरण्या ओळीनं मांडल्या होत्या, प्रत्येकीत एक तांब्याची पट्टी, एक जस्ताची. मागच्या भिंतीशी स्तामातकाका येऊन बसले होते. त्यांच्या कोटाच्या खिशातून एका बाटलीचं तोंड दिसत होतं. इमारतीतलं शेवटचं कोबीचं पाणी त्यांनी कुठूनतरी पैदा केलं होतं आणि ते घरी ठेवायचा त्यांना धीर नव्हता.

मग दोब्रेवाबाई इन्स्पेक्टरांना घेऊन आत आल्या. उंच, रुंद, काळ्या सुटातला माणूस, पण चेहरा धुवून पिळून वाळत घातल्यासारखा. ते दाराच्या चौकटीला धरून क्षणभर उभे राहिले.

"हे इव्हान कात्रांजिएव्ह साहेब," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी 'इव्हान' ऐकलं आणि त्यांना कालची तारीख आठवली.

इन्स्पेक्टरसाहेबांचं वर्गाकडे लक्ष नव्हतं, फळ्याकडे नव्हतं. ते अकरा बरण्यांकडे बघत होते. वाळवंटातून आलेला माणूस विहिरीकडे बघतो तसे. मास्तरांनी घसा साफ करून सुरुवात केली, "मुलांनो, दोन वेगळे धातू जेव्हा आम्लात…" एवढ्यात साहेब टेबलाशी पोचले. अगदी हळुवार हातानं त्यांनी पहिल्या बरणीतल्या पट्ट्या बाजूला काढून ठेवल्या, बरणी दोन्ही हातांत घेतली, डोळे मिटले आणि ओठांना लावायला उचलली.

मास्तर सहा पावलांवर होते. ती त्यांनी दोनात टाकली. "साहेब, नाही," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं, आणि त्यांनी बरणी धरली. साहेबांनी सोडली नाही. अशा दिवशी मिळालेली बरणी कुणी सोडत नाही. सरकारी अधिकारी आणि शिक्षक ह्यांच्यात एका बरणीची काही क्षण मूक ओढाताण झाली, वर्ग उभा राहून बघत होता, आणि मग साहेबांचा गुडघा टेबलाला लागला. टेबल कललं. बरण्या एकामागून एक सरकल्या.

सात गेल्या. कोबीचं पाणी साहेबांच्या विजारीवर, मास्तरांच्या बुटांत, हजेरीपटावर. बिटाच्या लाल पाण्याची बरणी दोब्रेवाबाईंच्या पायाशी फुटली आणि बाई जखमी झाल्यासारख्या दिसायला लागल्या.

"विष आहे ते," मास्तर म्हणाले. "जस्त उतरतं त्यात. तुम्हाला… तुम्ही आजारी पडला असता."

साहेब आपल्या ओल्या विजारीकडे बघत राहिले. "मी आजारीच आहे," ते म्हणाले, आणि पहिल्या बाकावर, दोन मुलींच्या मध्ये, बसले.

चार बरण्या उरल्या होत्या. मास्तरांनी त्या जोडल्या, टॉर्चचा बल्ब लावला. सगळा वर्ग पुढे वाकला. काही झालं नाही. मास्तरांनी तारा घासल्या, पुन्हा लावल्या. बल्ब आपला काचेचा मणी होऊन बसून राहिला. ह्या वेळी चष्म्यातसुद्धा काही दिसलं नाही. मास्तर टेबलाच्या ह्या टोकाकडून त्या टोकाला गेले, परत आले. त्यांना खेड्याकडे जाणारी सकाळची बस दिसत होती, आणि न येणारी संध्याकाळची.

तेव्हा तिसऱ्या बाकावरची नेव्याना उभी राहिली. फार बोलणारी मुलगी नव्हती ती. तिचे वडील डॅन्यूबवर मालाच्या बोटीवर होते. तिनं दप्तरातून एक ट्रान्झिस्टर काढला, मागचं झाकण नसलेला.

"सर, बल्बऐवजी हा लावून बघू का? ह्याच्यात सेल नाहीत नोव्हेंबरपासून. दुकानात मिळत नाहीत."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. बल्ब खादाड असतो, त्याला भरभरून प्रवाह लागतो. रेडिओ अर्धपोटी गातो. हे त्यांना तेवीस वर्षं ठाऊक होतं, आणि एका महिन्यात एकदाही आठवलं नव्हतं.

"लावू या," ते म्हणाले. "पण ह्याला सहा व्होल्ट लागतात. चार बरण्या पुरायच्या नाहीत. मुलांनो, किती लागतील?"

"सात, सर." तीन-चार आवाज एकदम आले. एकाला शून्य पूर्णांक नऊचा पाढा बोटांवर म्हणत मागाहून कळलं.

"म्हणजे अजून तीन. आणि पाणी तर…"

मास्तरांनी वाक्य सोडून दिलं, कारण एकतीस मुलं मागे वळली होती आणि स्तामातकाकांच्या खिशाकडे बघत होती. काकांनी बाटलीवर हात ठेवला.

"मी पट्ट्या न्यायला आलोय," ते म्हणाले. "द्यायला नाही."

पहिल्या बाकावरून इन्स्पेक्टरसाहेबही वळून त्याच बाटलीकडे बघत होते, त्यांचं कारण वेगळं होतं. काकांनी एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा मुलांकडे. बहुधा त्यांच्या मनात आलं असावं की साहेबांच्या हाती पडण्यापेक्षा हे बरं. ते उठले, पुढे आले, आणि तीन रिकाम्या बरण्यांत बाटली समसमान ओतली. शेवटचा थेंब पडेपर्यंत त्यांनी ती उपडी धरली होती.

नेव्यानानं तारा धरल्या. मास्तरांनी बटण फिरवलं. आधी खरखर. मग खोलवरून, जणू पिंपाच्या तळातून, एका बाईचा स्वच्छ, संथ आवाज आला. तीन वाजले होते आणि बाई रोजच्यासारखी डॅन्यूबच्या एकेका बंदरातली पाण्याची पातळी सांगत होती, सेंटिमीटरमध्ये, आणि कालपासून किती चढली-उतरली तेही.

"विदिन, दोनशे एकसष्ट, अधिक चार."

ह्या बातमीपत्रासारखी कंटाळवाणी गोष्ट साऱ्या देशात नसेल. एरवी ते लागलं की लोक बटण फिरवत. आज काका टोपी काढून उभे होते.

"लोम, तीनशे तीन, अधिक सात."

नेव्याना खाली वाकून रेडिओच्या अगदी जवळ गेली, मग वर झाली. "सर," ती म्हणाली, "बाबांची बोट लोमला अडकलीय, नाताळच्या आधीपासून. पाणी कमी होतं. पत्रात लिहिलं होतं, तीनशे झालं की निघतो."

मास्तरांना काही बोलायचं होतं. व्होल्टबद्दल, तांब्या-जस्ताबद्दल. त्यांनी तोंड उघडलं तर मागून कुणीतरी म्हणालं, "सर, शू. स्विश्तोव्हचं यायचंय." आपल्याच वर्गात आपल्याला गप्प केलंय हे मास्तरांच्या लक्षात आलं, आणि त्यांना राग येईना. ते नेव्यानाच्या रिकाम्या जागेवर बसले.

स्विश्तोव्हचं आलं. मुलांनी न सांगता वह्यांत लिहून घेतलं. हातमोजे काढून लिहिलं. मग त्या बाईनं तेच सगळं रशियनमध्ये सांगायला घेतलं, आणि फ्रेंचची पाळी आली तेव्हा आवाज बारीक होत होत विझला.

मग पहिल्या बाकावरून, दोन मुलींच्या मधून, इन्स्पेक्टरसाहेबांनी विचारलं, "का बंद पडला?"

प्रश्न कुणाला होता ते कळलं नाही. मास्तर उठायच्या आत नऊ हात वर गेले. एकजण म्हणाला जस्तावर बुडबुडे चिकटतात, दुसरी म्हणाली बिटाचं पाणी असतं तर अजून चाललं असतं, आणि तिथून पुन्हा पिंपांच्या अब्रूवर गाडी गेली. वीज चारला आली तेव्हा तास संपून पाऊण तास झाला होता आणि वर्ग अजून भरलेलाच होता. कुणी दिवा लावला नाही. काका पट्ट्या मोजत होते. साहेब त्यांना मोजायला मदत करत होते आणि दोघं हळू आवाजात गावात अजून कुणाकडे पिंप भरलेलं असेल ह्याची चौकशी करत होते.

अहवाल अकरा दिवसांनी आला. दोब्रेवाबाईंनी मास्तरांना बोलावलं, दार लावून घेतलं. भौतिकशास्त्र चालू राहणार होतं. पुढच्या प्रयोगासाठी बरण्या टेबलाला बांधून ठेवाव्यात अशी सूचना होती. बाईंना तेवढं कळलं होतं. अडचण शेवटच्या रकान्याची होती. तिथे इन्स्पेक्टरांनी स्वतःच्या हातानं शेरा लिहिला होता, आणि त्या कागदाला अजून कोबीचा वास येत होता.

"'दिवा लागला नाही'," बाईंनी वाचलं, "'पाणी चढत आहे.' ग्रुएव्ह, मला हे फाइलला लावायचंय. पाणी कुठे चढतंय?"

"लोमला, बाई," मास्तर म्हणाले, आणि घंटा झाली म्हणून वर्गाकडे निघाले.